कुंभारीण

आडिवेप्पा ट्रक घेऊन आला तेव्हा
संकेश्वरच्या बायपासवर ऊन तिरपं झालेलं.
उतरला, डावा पाय जरासा ओढत,
म्हणाला, "एण्णी सोराकत्तैती री."
माझं कानडी गॅरेजापुरतं,
पण तेल गळतंय हे भाषेआधी वास सांगतो.

चेंबर काळं, गिअरबॉक्स काळा,
पार मागच्या ॲक्सलपर्यंत धुळीचा चिकट लेप.
गोकाकात एकानं सांगितलं, मागचं सील.
हत्तरगीत दुसऱ्यानंही तेच.
म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, दोन दिवस, वीस हजार.
दोनदा सील बदललं. गळती तशीच.
घरी फरशीवर डाग पडतात
म्हणून बायको रोज राख टाकते,
आणि रोज बोलते.

दस्तगीर उस्तादाची अर्धी तर्जनी फॅनबेल्टनं नेलेली.
उरलेल्या अर्ध्यानंच तो दाखवायचा:
"टपकतंय तिथं चोर नसतो, बेटा.
चोर वर बसलेला असतो.
गाडी पळते, वारा तेलाला मागं नेतो,
आणि तू मागं जाऊन सील बडवतोस."

म्हणून आधी धुतलं. डिझेल, ब्रश, साबण, हवा.
इंजिन इतकं स्वच्छ झालं की ओळखू येईना.
मग शेट्टींच्या दुकानातून अंगाला लावायची पावडर आणली.
"कुणासाठी घेतलास एवढी?"
"सहा सिलिंडरवालीसाठी."
चमेलीच्या वासाचं इंजिन
आम्ही अर्धा तास चालवत ठेवलं.

पांढऱ्यावर तपकिरी रेघ उठली:
टर्बोखाली, रिटर्न पाइपच्या बुडाशी.
मग दुसरी, टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात.
मग डिपस्टिकच्या भोकातूनसुद्धा.
एकाच दिवशी तीन गॅस्केटं मरत नसतात.

ऑइलचं झाकण सैल केलं,
ते भाताच्या पातेल्यावरचं असावं तसं थडथडलं.
तळहात ठेवला. आतून कुणी ढकलत होतं.
टर्बोत तेल चढतं ते पंपाच्या जोरावर,
उतरतं मात्र आपल्याच वजनानं.
खाली हवा कोंडली की ते जिन्यात अडकतं,
मग जी फट सापडेल ती त्याची वाट.

"गाडी कुठं उभी होती काय?"
"पाय मोडला होता. पाच महिने. चिंचेखाली."
जरा थांबून, मी विचारलं नसताना,
"मीबी तवा कुणाशी बोललो न्हाई."

ब्रीदरचा पाइप खालून बघितला.
तोंड लाल मातीनं लिंपलेलं,
गोल, गुळगुळीत, कडेला बोट फिरवल्यासारखं.
कुंभारीण. दुसरं कोण.
मोकळं भोक दिसलं आणि तिनं घर बांधलं,
आत पोरासाठी चार हिरव्या अळ्या डांबून ठेवल्या.
तार घातली. माती भुसकन पडली.
पाइपानं पाच महिन्यांचा
निळसर, आंबूस श्वास सोडला.
झाकण गप्प झालं.

रिटर्नचं गॅस्केट बदललंच, तांब्याचे वायसरही,
टॅपेट कव्हरचं रबर पार लाकूड झालेलं, तेही.
"मग सील?" "सील बरं हाय."
तो हसला नाही. वीस हजार आठवत असावा.
तार फिरवण्याचे पैसे मला मागवेनात.
पावडरच्या डब्याचे मागितले,
तर डबाच घेऊन गेला, पोरीला म्हणून.

चौथ्या दिवशी फोन. निपाणीहून भरून निघालेला,
तवंदी घाट चढून वर बाजूला थांबलेला.
"इल्ल," म्हणाला, "एनू इल्ल."
मी म्हटलं, उतरून हात लावून बघ.
दार वाजलं. मग नुसता इंजिनाचा आवाज,
मागून जाणारी एक बस,
आणि बऱ्याच वेळानं मराठीत, शब्द शोधत:
"कोरडं."